हुकूम पोचेपर्यंत

सांगली, १७ नोव्हेंबर २०२५

ती. तात्यांना,

नमस्कार. दिवाळीनंतर आपण दोनदा फोनवर बोललो आणि दोन्ही वेळा तिसऱ्या वाक्याला आपलं वाजलं. त्यानंतर तुम्ही आईजवळ म्हणालात म्हणे, की पोरीला माझं मत हवं असेल तर तिनं लेखी मागावं. म्हणून लेखी मागते आहे.

आमचा खेळ शुक्रवारी बाहेर पडला. नाव 'दूरची ठाणी'. मी, सम्मेद आणि अंकिता गेली दोन वर्षं जे करत होतो, आणि ज्याला तुम्ही वडूजमध्ये 'क्रांतीचं ते कॉम्प्युटरचं' म्हणून सांगता, ते हेच. दिवाळीत मी जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत लावून गेले तो याच्यासाठी. पडद्यावर निळ्या ताऱ्याचं चित्र दिसेल, त्यावर दोनदा टिचकी मारायची.

खेळ असा आहे. आकाशातलं एक राज्य तुमच्या ताब्यात असतं. राजधानीपासून लांब लांब अकरा ग्रह, प्रत्येक ग्रहावर आपलं एक ठाणं आणि ठाण्यावर एक कारभारी. शत्रू आहेत, धान्य-पाणी आहे, व्यापार आहे, मधूनच बंडही होतं. असे खेळ जगात पुष्कळ आहेत. आमच्यात वेगळी गोष्ट एकच, की इथे हुकूम लगेच पोचत नाही. जवळच्या ठाण्याला तुमचा निरोप जायला दोन-तीन महिने लागतात, सगळ्यात लांबच्याला नऊ वर्षं. तिकडची बातमीसुद्धा तेवढीच जुनी होऊन तुमच्यापर्यंत येते. खेळातली नऊ वर्षं म्हणजे आपली पंधरा-वीस मिनिटं, तेव्हा घाबरू नका.

तुम्ही सगळी नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये काढलीत. निरोप पाठवणं आणि निरोपाची वाट बघणं तुमच्याइतकं आमच्या तिघांत कुणालाच माहीत नाही. म्हणून तुमचं पहिलं मत मला हवं आहे. स्पष्ट लिहा. पहिल्या महिना-दीड महिन्यात लोकांनी खेळ उचलला तर आम्ही तिघं एकत्र राहू, नाहीतर ज्यानं त्यानं आपापली नोकरी बघायची, असं ठरलं आहे. पत्ता ऑफिसचा लिहिते, कारण मी दिवसभर तिथेच असते.

आईला सांगा, जेवण वेळेवर चाललं आहे.

क्रांती


वडूज, २४ नोव्हेंबर २०२५

चि. क्रांती हिला बापाचे आशीर्वाद आणि सोबत पहिला रिपोर्ट.

खेळ सुरू केला. पडदा काळा झाला म्हणून आधी चष्मा पुसला, मग वायर हलवून बघितली, मग लक्षात आलं की ते आकाश आहे. चांगलं केलंय. तारे बघत मी थोडा वेळ नुसताच बसलो आणि तुझ्या आईचा चहा गार झाला. जहाजांची मांडणी, शत्रूच्या हद्दीची लाल रेघ, धान्याचा साठा, सगळं नीट दिसतं. कुणी केलं असेल त्याला शाबासकी सांग.

आता तक्रारी. ठाण्यांना आपल्याकडची नावं कुणी दिली? कोरेगाव म्हणजे नुसता वायूचा गोळा दाखवलाय. तिथे तुझी आत्या राहते, तिच्या कानावर घालू का? आणि म्हसवड सगळ्यात लांब, नऊ वर्षांच्या अंतरावर. अगं, इथून एसटी दीड-दोन तासांत म्हसवडला सोडते. सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला असतो.

पण खरी तक्रार पुढे आहे. म्हसवडहून बातमी आली की पाणी संपत आलंय. मी लगोलग हुकूम सोडला की शेजारच्या चंद्रावरून बर्फ आणा. पोच नाही. सिग्नलमध्ये पोच आली नाही की निरोप पुन्हा पाठवायचा असतो, म्हणून पुन्हा पाठवला. तेवढ्यात वाटलं की चंद्र शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात येतोय, म्हणून तिसरा हुकूम काढला की बर्फ राहू द्या, वस्ती उत्तरेला हलवा. फौजेत नवा हुकूम आला की जुना रद्द होतो. तुझ्या कारभाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नाही. त्यानं पहिला हुकूम पाळला, दुसरा पाळला, मग तिसरा पाळला. सगळी माणसं आधी बर्फाला गेली, परत बर्फाला गेली, आणि उरलीसुरली उत्तरेला जाऊन थंडीनं मेली. मला ते कळलं तेव्हा सगळं होऊन नऊ वर्षं उलटली होती. बाकीच्या ठाण्यांची कथा हीच. उपाशी मरतील, पण माझा कागद आल्याशिवाय कोठाराचं दार उघडणार नाहीत. मी तर कपाळावर हात मारला.

निदान आपला निरोप्या कुठवर पोचलाय ते तरी माणसाला दिसायला नको का? मी असा सिग्नल चालवला असता तर साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

तेव्हा माझं पहिलं मत असं: बाकी सगळं उत्तम, उशीर काढून टाक. उशीर ही काही खेळायची गोष्ट नाही. आम्ही तो जन्मभर सोसलाय.

नाथाजी फडतरे, सुभेदार (निवृत्त)


सांगली, १ डिसेंबर २०२५

ती. तात्या,

तुमचं पत्र पोचलं. मी बँकेत गेले होते, तेवढ्यात पोस्टमन आला आणि सम्मेदनं ते उघडलं. ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं ऑफिसचं, असं त्याला वाटलं. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, पत्ता मीच दिला होता. मी परत आले तर तो ते अंकिताला मोठ्यानं वाचून दाखवत होता.

एक गोष्ट मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. खेळ चाललेला नाही. ज्यांनी घेतला त्यांतले निम्मे तासाभरात सोडून देतात, आणि जाताना एकच तक्रार करून जातात: आम्ही बटण दाबतो आणि काहीच होत नाही. सम्मेदचं म्हणणं असं की पहिल्या मोठ्या दुरुस्तीत उशीर काढून टाकावा, हुकूम दिला की पोचला. दुरुस्ती २० डिसेंबरला बाहेर काढायची आहे. मी पंधरा दिवस नाही म्हणत होते. त्यानं तुमचं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुझ्या घरातला माणूस पण हेच म्हणतोय. अजून किती जणांनी सांगायला पाहिजे तुला?"

मला तुमच्याकडून वेगळ्या पत्राची अपेक्षा होती, हे लपवत नाही. तुम्हाला तरी तो उशीर ओळखू येईल असं वाटलं होतं.

मी दहा वर्षांची होते. चौथी झाली होती. मावशी मला सांगलीच्या शाळेसाठी ठेवून घ्यायला तयार होती आणि आईनं तुम्हाला विचारायला पत्र टाकलं होतं. तुम्ही तवांगच्या वर कुठंतरी होता, तिथे फोन नव्हता. मी रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायचे. वीसेक दिवस. तिकडे डोंगरात तुम्ही काय लिहिलं असेल, ते लिहून झालं असेल का, ते आता कुठवर आलं असेल, एवढंच डोक्यात. मग तुमचं पत्र आलं, तुम्ही हो म्हणालात, आणि मी सांगलीला आले. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी आज हे सगळं करते आहे. त्या वीस दिवसांचा मी खेळ केला आहे, तात्या. तोच काढून टाका म्हणता.

असो. एक तांत्रिक शंका आहे. प्रत्येक कारभाऱ्याच्या नावाशेजारी मुभेचा काटा असतो, शून्य ते दहा. शून्यावर असला की कारभारी हुकमाशिवाय हलत नाही. वाढवला की तो आपल्या बुद्धीनं वागतो, आणि तुमचा हुकूम जुना झालाय असं वाटलं तर बाजूला ठेवतो. तुम्ही तो काटा कुठे ठेवला होता?

क्रांती


वडूज, ६ डिसेंबर २०२५

चि. क्रांती,

आधी शंकेचं उत्तर. काट्याला मी हात लावला नाही. तो आला तेव्हाच शून्यावर होता आणि मला ते रीतसर वाटलं. हुकमाशिवाय हलायचं नाही, यात वावगं काय आहे? अकराच्या अकरा शून्यावर होते.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या पत्रातली 'तुम्ही हो म्हणालात' ही ओळ मी वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. क्रांती, मी हो म्हणालो नव्हतो.

मी स्वच्छ नाही लिहिलं होतं. पोरगी लहान आहे, परक्या गावात ठेवायची नाही, वडूजच्या शाळेत घाला, असं. त्यावर तुझ्या आईचं उत्तर आलं की तुमचं पत्र यायला उशीर झाला, शाळा सुरू झाली होती म्हणून पोरीला धाडलं. मी पोस्टाला शिव्या घातल्या आणि गप्प बसलो. त्या दिवसांत रस्ता खचला की टपाल आठ-आठ दिवस खाली अडकायचं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. गेली एकोणीस वर्षं मी पोस्टावर राग धरून आहे, अगदी आत्तासुद्धा वडूजच्या पोस्टात गेलो की त्या मास्तरशी सरळ बोलत नाही.

तुझं पत्र हातात घेऊन मी अंगणात गेलो. तुझी आई शेंगा फोडत बसली होती. विचारलं, की हिला कुणी सांगितलं मी हो म्हणालो? तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मग म्हणाली, "म्या सांगितलं."

मी म्हटलं, पण माझं पत्र तर शाळा सुरू झाल्यावर आलं ना.

"न्हाई. पत्र येळंवर आलतं. शाळा सुरू व्हायच्या चार दिस आधी."

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "आवं, तुमी तिकडं डोंगरात. हितं ती पोर रोज वाटंवर जाऊन हुबी. तुमाला तिचं तोंड दिसत हुतं का? मला दिसत हुतं. तुमाला खरं कळवलं असतं तर तुमी पुन्यांदा न्हाई म्हणूनच लिवलं असतं, आन मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. त्यापरीस उशीर झाला म्हणून सांगितलं. उशिराचा कुणाला राग येत न्हाई."

एवढं बोलून ती परत शेंगांना लागली. नंतर म्हणाली, की हिरीची जागा पण तुम्ही लिहिली तिथं खणली नाही, आणि म्हस पण तुम्ही विकायला सांगितलेली विकली नव्हती. मला वाटत होतं घर माझ्या पत्रांवर चाललंय.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो. तिला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. तुला हे लिहावं की नाही याचाही विचार केला, पण मी न म्हटलेल्या गोष्टीचं श्रेय तू मला देऊन बसली आहेस, ते मला ठेवून घेता येणार नाही. तुला सांगलीला तुझ्या आईनं धाडलं.

काल डाव नव्यानं सुरू केला. रागाच्या भरात म्हसवडचा काटा ओढून थेट दहावर नेला. म्हटलं, कर बाबा तुला काय करायचंय ते, नाहीतरी मला कोण विचारतंय. तिथंच डाव थांबवला, तिकडची बातमी अजून यायची आहे.

नाथाजी


सांगली, ८ डिसेंबर २०२५

ती. तात्या,

तुमचं उत्तर अजून आलं नाही, पण थांबत नाही. ठरलं ते कळवते.

मी सम्मेदला हो म्हणाले. उशीर काढायचा. तो मी घातला होता म्हणून काढायचं कामही मीच घेतलं आहे, दुसऱ्या कुणी घाईनं ओरबाडून काढावा असं मला नको होतं. गेले चार दिवस तेच करते आहे. काढायचाच तर नीट काढीन, मागे एक धागा लोंबता राहू देणार नाही.

आज पहिल्यांदा तसा खेळून पाहिला. म्हसवडला हुकूम दिला, तो त्याच क्षणी पाळला गेला. मग कोरेगावला दिला. मग सगळ्यांना. अर्ध्या तासात सगळं राज्य माझ्या मुठीत होतं आणि मला जांभई आली. कारभाऱ्यांची तोंडं अंकितानं किती जीव लावून काढली आहेत, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. आता त्यांच्याकडे बघायचं कारणच उरत नाही. पण सम्मेदला आवडलं, आणि ज्या चार-पाच जणांना आम्ही दाखवलं त्यांनाही आवडलं. खेळ वेगवान झाला हे खरं आहे.

तुमचं म्हणणं खरं ठरलं, एवढं कळवायला हे पत्र.

क्रांती


वडूज, १२ डिसेंबर २०२५

चि. क्रांती,

तुझं ८ तारखेचं पत्र आज हाती आलं. त्यावरून दिसतं की माझं ६ तारखेचं तोवर तुला मिळालेलं नव्हतं. दोन्ही पत्रं वाटेत कुठंतरी कराडच्या आसपास एकमेकांना ओलांडून गेली असणार. आता मी काय लिहितो ते लक्ष देऊन वाच.

म्हसवडची बातमी आली. पाणी संपत आलं होतं, पहिल्या डावाबद्दल मी तुला लिहिलं होतं तसंच याही डावात झालं. मी यावेळी एकच हुकूम पाठवला, बर्फाचा. कारभाऱ्यानं तो वाचला आणि बाजूला ठेवला. खाली नोंद होती, 'हुकूम जुना, परिस्थिती बदललेली.' मग त्यानं काय करावं? पलीकडच्या शत्रूच्या ठाण्याशी बोलणी लावली. त्यांना धान्य दिलं आणि त्यांच्याकडून पाणी घेतलं. माझी परवानगी नाही, मला कळवणं नाही, युद्ध चालू असताना शत्रूशी सोयरीक. फौजेत मी त्या माणसाला कोर्टासमोर उभा केला असता.

आणि ठाणं जिवंत आहे. नुसतं जिवंत नाही, वस्ती वाढलीय, तिथे शाळा निघाल्याची बातमी आहे. बाकीची ठाणी, जी मी शून्यावर ठेवली होती, ती एकेक करून विझली. माझं ऐकणारे सगळे मेले आणि न ऐकणारा तेवढा जगला. मी खुर्चीतून उठलो आणि तुझ्या आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, मी तिला ते सगळं समजावून सांगितलं. तिनं पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "जगलं न्हवं? मग झालं की." तेव्हा मला माझा राग पुरता उतरल्याचं कळलं. मी तिला म्हटलं, तू बरं केलंस. एवढंच म्हटलं, पण म्हटलं.

तेव्हा पहिल्या रिपोर्टमधलं मत मी मागे घेतो. उशीर काढायचा नाही. उशीर नसता तर त्या म्हसवडच्या माणसाला डोकं चालवायला वेळ कुणी दिला असता? मीच प्रत्येक घटकेला त्याच्या मानेवर बसलो असतो. सम्मेदला स्पष्ट सांग. हा माझा हुकूम समज, आणि नवा हुकूम आला की जुना रद्द होतो हे विसरू नकोस. पोच ताबडतोब दे.

फोन करणार होतो. केला नाही, कारण फोनवर तू ऐकत नाहीस.

नाथाजी फडतरे


सांगली, २१ डिसेंबर २०२५

ती. तात्या,

पोच देते. तुमचा हुकूम मला बुधवारी, १७ तारखेला मिळाला. उशीर काढायचा नाही हे मी त्याच्या आधीच्या शनिवारी ठरवून टाकलं होतं.

तुमचं ६ तारखेचं पत्र शुक्रवारी आलं. यावेळी ते माझ्याच हातात पडलं. वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि रडले. मग आईला फोन केला. ती म्हणाली, "तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ," आणि जेवलीस का म्हणून विचारलं. मला तिच्यावर रागवायचं होतं, ते जमलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की वाटेवर उभं राहून वाट बघितली म्हणून तुमचा होकार आला. होकार तर माझ्या पाठीमागे घरात भाकरी थापत होता.

मग तुमच्या पत्राची पहिली ओळ पुन्हा वाचली. काट्याला हात लावला नाही, तो आला तेव्हाच शून्यावर होता. तात्या, तो शून्यावर मी ठेवला होता. सुरुवात कुठून करायची यावर आम्ही कधी चर्चाच केली नाही. मी फौजीची मुलगी, मला वाटलं घर शून्यावरच चालतं, ज्याला वाटेल तो वाढवील. पण कुणीच वाढवला नव्हता. मी त्याच दुपारी बसून आमच्याकडे नोंदले गेलेले सगळ्यांचे डाव काढून बघितले. सोडून गेलेल्या जवळजवळ सगळ्यांचा काटा शून्यावर होता. म्हणजे प्रत्येकाच्या राज्यात अकरा माणसं हातावर हात धरून बसलेली. कुणालाही कंटाळाच येईल. लोक उशिराला कंटाळले नव्हते. तिकडचं कुणी काही करत नव्हतं, त्याला कंटाळले होते.

शनिवारी मी सम्मेदला सांगितलं की उशीर राहील, काटा वर जाईल. मग त्यानं जे विचारलं ते रास्त होतं. "क्रांती, हातात आठवडा ऱ्हायलाय. तू तुझं चार दिवसांचं काम तूच फेकून देणार, आणि ते पण घरनं आलेल्या एका पत्रासाठी?"

मी म्हटलं, "पत्रासाठी नाही. पत्रात जे आहे ते मला आता दिसतंय, आणि दिसल्यावर मी दुसरं काही बाहेर काढणार नाही. माझं नाव आहे त्यावर."

तो म्हणाला, त्याचंही आहे. पण मी हलले नाही. यावर मत घेतलं तर अंकिता मधल्या मधे अडकेल म्हणून मतही घेतलं नाही. मी ठरवलं आणि बुडालं तर माझ्यामुळे बुडालं असं सांगायला मोकळे राहा, असं दोघांना सांगितलं.

एक गोष्ट सम्मेदची मानावी लागेल. पटलं नाही तरी शुक्रवारपर्यंत तो आमच्या बरोबरीनं राबला. निरोप्याचा रस्ता नकाशावर दिसला पाहिजे, ही तुमची पहिल्या रिपोर्टमधली तक्रार. ते काम त्यानंच केलं. आता हुकूम सोडला की एक छोटा दिवा राजधानीतून निघतो आणि अंधारातून हळूहळू पुढे जाताना दिसतो. सगळं करून देऊन तो समडोळीला घरी गेला. ऊसतोड चालू आहे, वडिलांना माणूस हवा होता, असं म्हणाला. परत येईन असंही म्हणाला नाही, येणार नाही असंही नाही. त्याची खुर्ची रिकामी आहे आणि मला तिकडे बघवत नाही.

काल दुपारी दुरुस्ती बाहेर काढली. कारभारी आता सहावर सुरू होतात. लोक काही धावत आलेले नाहीत, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण काल आलेले आज अजून खेळत आहेत, तासाभरात उठून गेलेले नाहीत. नांदेडच्या एकानं लिहिलं की त्याच्या सर्वांत लांबच्या ठाण्यानं त्याला न विचारता राजधानीच हलवायची तयारी केली, तेव्हा तो कारभाऱ्यावर ओरडला आणि मग हसत सुटला. ते मी सम्मेदला पाठवलं. त्यानं वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही.

मी आणि अंकिता मार्चपर्यंत ओढणार. सकाळी एका क्लासमध्ये शिकवायचं काम घेतलं आहे, दुपारनंतर खेळ. नाही चाललं तर नाही, पण तो असाच राहील. उशिरासकट.

क्रांती


वडूज, २७ डिसेंबर २०२५

चि. क्रांती,

पत्र मिळालं. तुझ्या आईला सगळं वाचून दाखवलं. भाकरीची ओळ तिनं दोनदा वाचायला लावली आणि चुलीकडे गेली.

आता उत्तर. वर जी खाडाखोड दिसतेय ती माझीच आहे. पहिल्यांदा लिहिलं होतं, की समडोळीला जा आणि त्या पोराला घेऊन ये. ते खोडलं. त्या पोराला तू ओळखतेस, मी त्याला एकदाच बघितलंय. मग लिहिलं की मार्चपर्यंत कशाला, दुसरीकडे अर्ज करून ठेव. तेही खोडलं. मग काटा सहाऐवजी आठवर ठेव म्हणून लिहिलं, कारण सहावर माझा कोरेगावचा कारभारी अजून जरा दबून वागतो. ते खोडताना हात जड झाला, पण खोडलं. माझ्या हयातीत मी हुकूम नसलेला कागद टपालात टाकलेला नाही, त्यामुळे काय लिहायचं ते सुचत नाहीये.

कांदा काढून झाला. आईची तब्येत बरी आहे. मी बरा आहे.

तिथं काय चाललंय ते तुला दिसतंय, मला इथून दिसत नाही. तेव्हा पुढे काय करायचं ते तूच ठरव. ठरवून झालं, करून झालं, की मग मला कळव. उशिरा कळवलंस तरी चालेल.

तात्या